ऑबिदुश : राण्यांच्या गावात पायी फिरायचं तर कसं फिरायचं

पोर्तुगालमध्ये लिस्बनच्या उत्तरेला ऐंशीएक किलोमीटरवर ऑबिदुश नावाचं तटबंदीतलं गाव आहे. इकडे आपले लोक ओबिदोस लिहितात, तिथली माणसं शेवटच्या 'स'चा 'श' करतात. टूरवाले तिथे बस थांबवतात, दीड तासात परत या म्हणून दोनदा बजावतात, मग चाळीस माणसं एका गल्लीतून वर जातात, चॉकलेटच्या कपातून चेरीची दारू पितात, फ्रिजवर लावायचे मॅग्नेट घेतात आणि त्याच गल्लीतून खाली येतात. पहिल्या खेपेला मीही हेच केलं. फातिमा, नाझारे आणि ऑबिदुश एकाच दिवसात उरकणारी टूर होती, घरी येऊन फोटो बघितले तर प्रत्येक फोटोत तीच गल्ली आणि माझ्या हातात तोच कप. मग दोन वर्षांनी परत गेले, एकटीच, रात्रीचा मुक्काम करून, आणि तेव्हा कळलं की ती गल्ली सोडून बाकी सगळं बघायचं राहिलं होतं.

मी वसईची. पोर्तुगीजांच्या किल्ल्यात लपाछपी खेळून मोठी झालेली. आमच्याकडे चर्चच्या भिंती उभ्या आहेत पण वर छप्पर नाही, कमानीतून वडाची मुळं खाली आलेली, आणि शाळेच्या सहलीला सर सांगायचे इथे बाजारपेठ होती, इथे इस्पितळ होतं, आणि आम्ही मान हलवायचो पण डोळ्यापुढे काही यायचं नाही. ऑबिदुशमध्ये ते डोळ्यापुढे आलं. त्यामुळे खाली जे लिहिलंय त्यात थोडा पक्षपात आहे, सांभाळून घ्या.

पोचायचं कसं आणि कधी

लिस्बनहून सगळ्यात सोपी म्हणजे बस. मेट्रोने कांपू ग्रांद स्टेशनला जायचं (पिवळी आणि हिरवी दोन्ही लाइन तिथे येतात) आणि तिथून 'रापिदा व्हेर्द' म्हणजे हिरवी जलद बस पकडायची. तासाभरात ऑबिदुश. तिकीट ड्रायव्हरकडेच मिळतं, सुट्टे युरो ठेवा. एक गोष्ट मात्र नीट ऐका, कांपू ग्रांदला बसचे थांबे ढिगाने आहेत आणि ही बस बाजूच्या रस्त्यावरून सुटते, मी स्टेशनसमोरच्या मोठ्या स्टँडवर ऐटीत उभी राहिले आणि माझी बस पलीकडून निघून गेलेली मला पाठमोरी दिसली. पुढची यायला बराच वेळ होता. तेव्हा दोन माणसांना विचारा, एकाला विचारून भागत नाही. शनिवार-रविवारी फेऱ्या कमी असतात, त्यामुळे परतीच्या शेवटच्या बसची वेळ उतरल्या उतरल्या थांब्यावर बघून फोटो काढून ठेवायचा. आणि ड्रायव्हरला 'ऑबिदुश' म्हणून आधीच सांगून ठेवा, नाहीतर डोळा लागला की पुढच्या काल्दास दा राइन्याला उतरावं लागतं.

ट्रेनही जाते, पण गाड्या कमी आणि हळू, शिवाय स्टेशन डोंगराच्या पायथ्याशी, मागच्या बाजूला, तिथून चढ आहे. सामान असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

वेळेचं म्हणाल तर टूर बस साडेदहा-अकराच्या पुढे यायला लागतात आणि चार-पाचपर्यंत गर्दी असते. म्हणजे तुम्ही सकाळची पहिलीच बस पकडून नऊच्या सुमाराला पोचा, नाहीतर सरळ दुपारनंतर जा आणि रात्री राहा. जुलैमध्ये मध्ययुगीन बाजार भरतो, चॉकलेटचा महोत्सव वेगळ्या दिवसांत असतो, डिसेंबरात नाताळचं मोठं प्रस्थ. मुलं बरोबर असतील तर मजा आहे, पण गाव बघायचं असेल तर ते दिवस टाळा, तेव्हा गाव दिसत नाही, माणसांची डोकी दिसतात.

कपड्यांचं काही नाही, चपलांचं आहे. सगळ्या गल्ल्यांमध्ये चुनखडीचे छोटे छोटे दगड बसवलेत, शेकडो वर्षं चालून चालून गुळगुळीत झालेत, पावसाचं एक सर आलं की साबण लावल्यासारखे होतात. रबरी पकड असलेले बूट घाला. चाकांची बॅग त्या दगडांवरून ओढताना जो आवाज येतो त्याने अख्खी गल्ली खिडकीत येते, स्वानुभव आहे.

दरवाज्याच्या आधी : पाण्याची वाट

बसमधून उतरलं की सगळे सरळ दरवाज्याकडे सुटतात. तुम्ही पाठ फिरवा. पार्किंगच्या बाजूने कमानींची एक लांब रांग शेतातून येताना दिसेल, ती जलवाहिनी, उसैरा गावाकडून साधारण तीन किलोमीटरवरून पाणी आणायची. सोळाव्या शतकात राणी कातारिनाने बांधून घेतली, तिसऱ्या जुआंव राजाची बायको, मूळची ऑस्ट्रियाच्या राजघराण्यातली. खर्चाच्या बदल्यात तिला तटाखालची सपाट जमीन मिळाली, त्या भागाला अजून व्हार्झिया दा राइन्या म्हणतात, आपल्या कोकणी भाषेत 'राणीची खलाटी'. हे नाव लक्षात ठेवा, वर तटावरून ती खलाटी दिसणार आहे.

आता हे राणी राणी काय चाललंय ते सांगते, कारण ते कळल्याशिवाय हे गाव कळत नाही. राजा दिनिशने १२८२ मध्ये हे गाव आपल्या बायकोला, इझाबेलला दिलं. पुढे प्रथाच पडली की पोर्तुगालच्या राणीच्या खाजगी दौलतीत ऑबिदुश असायचं, इथला महसूल तिचा. आपल्याकडे राजस्त्रियांना चोळी-बांगडीसाठी गावं लावून द्यायचे ना, अगदी तसंच. हे १८३४ पर्यंत चाललं, म्हणजे साडेपाचशे वर्षं. त्यामुळे इथे पाणी, चर्च, दानधर्म जे काही दिसेल त्याच्यामागे बहुतेक एखादी राणी निघतेच.

दरवाजा : इथे पाच मिनिटं थांबायचंच

पोर्ता दा व्हिला म्हणजे गावदरवाजा. तो सरळ नाही. एका कमानीतून आत शिरायचं, मग वळायचं, मग दुसरी कमान. रायगडाचा गोमुखी दरवाजा आठवा, तीच युक्ती, शत्रूला धावत येऊन धडक मारता येऊ नये म्हणून. वसईच्या भूदरवाज्यातही असंच वळून आत जावं लागतं. इथे फरक असा की दोन कमानींच्या मधल्या भागात एक छोटंसं देवघर आहे, वर सज्जा, आणि भिंतींना अठराव्या शतकातल्या निळ्या-पांढऱ्या टाइल्स, ख्रिस्ताच्या शेवटच्या दिवसांतले प्रसंग रंगवलेल्या. ह्या टाइल्सना अझुलेझु म्हणतात. सकाळी बहुतेक तिथे कोणीतरी वाद्य वाजवत बसलेलं असतं आणि त्या दगडी बोळात आवाज असा घुमतो की पाय आपोआप थांबतात.

पण लगेच आत घुसू नका, आधी दरवाज्यावरचा लेख बघा. माता मरिया मूळ पापाशिवाय गर्भात आली, अशा अर्थाचं वाक्य आहे. ते चौथ्या जुआंव राजाने लावायला सांगितलं. हा तो राजा ज्याने १६४० मध्ये स्पेनच्या ताब्यातून पोर्तुगालची गादी परत मिळवली, त्याबद्दलचे आभार म्हणून. आता मुंबईकरांनी कान टवकारा. ह्याच राजाची मुलगी कातारिना, ब्रागांसा घराण्यातली (जलवाहिनीवाली कातारिना वेगळी, शंभर वर्षं आधीची), जिचं इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी लग्न ठरलं आणि १६६१ च्या करारात मुंबई आंदण म्हणून गेली. राजा त्याच्या पाच वर्षं आधीच वारला होता, मुलाच्या नावाने कारभार बघत होती त्याची विधवा, राणी लुइझा दे गुझमाँव. आणि राणीची गावं म्हणजे अर्थातच ऑबिदुशही तिच्याच दौलतीतलं. मुंबई देऊन टाकणाऱ्या बाईंच्या चोळी-बांगडीच्या गावात आपण उभे आहोत हे मला पहिल्या खेपेला माहीतच नव्हतं, गाइडने सांगितलं नाही, त्याला तरी कुठे माहीत होतं की समोर वसई-विरारची बाई उभी आहे.

तटावर चढणे : सगळ्यात आधी, सगळ्यात सावध

आत आलात की समोर गल्ली दोन फाट्यांत फुटते आणि सगळे मुख्य गल्लीला लागतात. तुम्ही दरवाज्याजवळच्याच पायऱ्यांनी तटावर चढा. तिकीट नाही. पूर्ण फेरी दीडेक किलोमीटरची, रमतगमत तास धरा.

आता धोक्याची गोष्ट. फांजीला, म्हणजे तटावरच्या चालायच्या वाटेला, बाहेरच्या अंगाला चर्या, म्हणजे दातेरी भिंत आहे, छातीपर्यंत येते, पण आतल्या अंगाला काहीही नाही. कठडा नाही, दोरी नाही, काही नाही. काही ठिकाणी तट तेरा मीटरपर्यंत उंच आहे आणि वाट कुठे कुठे इतकी अरुंद की समोरून माणूस आला तर एकाने चर्येला पाठ लावून उभं राहायचं आणि दुसऱ्याने पोट आत घेऊन जायचं. सकाळी लवकर चढा म्हणते ते ह्याचसाठी, अकरानंतर समोरून येणाऱ्यांची रांग लागते. ओलं असेल, जोराचा वारा असेल तर चढू नका. लहान मुलांचा हात चर्येच्या बाजूला धरायचा, तुम्ही आतल्या, रिकाम्या बाजूला. ज्यांना उंचीची भीती वाटते त्यांनी नुसत्या पायऱ्या चढून वरून बघावं आणि उतरावं, त्यात कमीपणा काही नाही, हरिश्चंद्रगड चढलेला माझा मामेभाऊ इथे पहिल्या वळणावरून परत फिरला. सेल्फी काढताना मागे सरकायचं नाही. एवढं वाक्य पाठ करा.

दिशा कुठली? मी सांगीन पश्चिमेच्या तटाने वर किल्ल्याकडे जा. तो भाग उंचावर आहे आणि सगळं गाव तुमच्या पायाखाली उतरत जातं, कौलं, धुराडी, अंगणातली लिंबाची झाडं, वाळत घातलेल्या चादरी. घरं सगळी पांढरी, आणि पायाशी निळा नाहीतर पिवळा पट्टा. लांबून बघताना वाटतं टूरिस्टांसाठी रंगवलंय, पण तटावरून लोकांची मागची अंगणं दिसतात ना, तिथेही तेच पट्टे. एका अंगणात एक आजी स्टुलावर बसून शेंगा सोलत होत्या, मी वरून बघतेय हे त्यांना दिसलं, त्यांनी मान वर करून जी नजर टाकली ती आमच्या शेजारच्या काकूंची हुबेहूब, 'काय गं, काम नाही का तुला' अशी. म्हणून विनंती, अंगणात डोकावून फोटो काढू नका, लोक राहतात तिथे.

बाहेरच्या अंगाला खाली शेतं, द्राक्षमळे, आणि ती राणीची खलाटी. जुन्या काळी समुद्राचं पाणी ह्या टेकडीच्या बरंच जवळ यायचं, मग गाळ भरत गेला, आता लांब ऑबिदुशची खाडी तेवढी उरलीय. वसईच्या लोकांना हे समजावून सांगावं लागत नाही.

तट मुळात मुसलमानांच्या राजवटीतला, पुढच्या राजांनी वाढवला, आणि विसाव्या शतकात बऱ्यापैकी डागडुजी झाली, त्यामुळे प्रत्येक दगड आठशे वर्षांचा आहे असं समजून डोळे पाणावू नका. ११४८ मध्ये अफोन्सो हेन्रिक्श, पोर्तुगालचा पहिला राजा, त्याने हे घेतलं, लिस्बन घेतल्याच्या पुढच्या वर्षी. गावात गोष्ट सांगतात की त्याची माणसं चेरीच्या झाडांचं सोंग घेऊन हळूहळू तटाकडे सरकली. खरंखोटं देव जाणे, आपल्याकडे यशवंती घोरपडीची गोष्ट आहे तशी ह्यांच्याकडे चालत्या चेरीची.

किल्ला आणि पुस्तकांचं चर्च

तटाच्या उत्तर टोकाला किल्ला. तिथे उतरा. किल्ल्यात १९५१ पासून सरकारी धाटणीचं हॉटेल आहे, पोझादा म्हणतात, जुन्या ऐतिहासिक वास्तूत केलेलं देशातलं ते पहिलंच. खोली घेतली नसेल तर आतून फारसं बघता येत नाही, बाहेरून बुरुज आणि नक्षीच्या खिडक्या बघा आणि पुढे चला. राहायला परवडत असेल तर राहा, मला परवडलं नाही, मी खालच्या गल्लीत एका बाईंच्या घरी खोली घेतली. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला पोर्तुगीज येत नव्हतं, पण त्यांनी हातात किल्ली ठेवून 'शाव्ह' म्हटलं तेव्हा मी पटकन 'चावी!' म्हणाले, मग बाथरूममध्ये नेऊन 'सबाँव' म्हणाल्या, मी साबण म्हणाले, मग आम्ही पाव, बटाटा, बालदी, मेज करत करत स्वयंपाकघरापर्यंत पोचलो आणि कॉफी फुकट मिळाली. तुम्हीही करून बघा, बर्फ फुटतो म्हणतात तसं नाही, सरळ ओळखच निघते.

किल्ल्याजवळच सांतियागूचं चर्च. पहिल्या सांशु राजाच्या काळात बाराव्या शतकात बांधलेलं, १७५५ च्या भूकंपात पडलं (तोच ज्याने लिस्बन झोपवलं), परत बांधलं, आणि आता त्यात पुस्तकाचं दुकान आहे. वेदी जागच्या जागी, आणि तिच्यापर्यंत दोन्ही बाजूंनी लाकडी मांडण्या, जिन्याने वर गेलं की अजून पुस्तकं. फुकट आत जाता येतं पण अर्धा तास फुकट वाचून नुसता फोटो काढून निघायला मलाच लाज वाटली, एक छोटं पोर्तुगीज पाककृतींचं पुस्तक घेतलं. गावात अशी बरीच पुस्तकांची दुकानं आहेत, एक तर फळभाजीच्या जुन्या खोक्यांच्या मांडण्या केलेलं, पुस्तकांच्या शेजारी खरोखर कांदे आणि सफरचंदं विकायला. २०१५ मध्ये युनेस्कोने गावाला साहित्याचं शहर म्हणून मान्यता दिली ती ह्यामुळे.

सांता मारियाचा चौक : इथे बसायचं

किल्ल्याकडून मुख्य गल्लीने खाली यायला लागलात की बाजूला चौक उघडतो. माझ्या मते अख्ख्या गावातली सगळ्यात महत्त्वाची शंभर पावलं हीच, आणि टूरमध्ये इथे पाच मिनिटं मिळतात.

आधी दगडी खांब शोधा, जुन्या बाजाराच्या कौलारू पडवीच्या जवळ. पेलोरिन्यु, म्हणजे गावाच्या न्यायाची खूण, गुन्हेगाराला इथे बांधून चारचौघांत शिक्षा व्हायची. वसईच्या किल्ल्यातही असा होता असं आमचे सर सांगायचे. आता ह्या खांबावर जवळून बघा, मुकुट आणि राजचिन्हाच्या सोबतीला एक जाळं कोरलंय. मासे, कोळंबी धरायचं साधं जाळं. राजचिन्हात जाळं कशाला? तर दुसऱ्या जुआंवची राणी लिओनोर, तिचा एकुलता एक मुलगा अफोन्सो, १४९१ मध्ये सांतारेंजवळ तेजु नदीच्या काठी घोड्यावरून पडला. कोळ्यांनी त्याला आपल्या जाळ्यात घालून झोपडीत आणलं, तिथेच तो गेला. सोळा वर्षांचा होता. आईने ते जाळं आपल्या चिन्हात घेतलं आणि आपल्या गावांना दिलं. मी कोळीवाड्याच्या शेजारी वाढलेली, मला त्या दगडी जाळ्यासमोरून हलवेना.

आणि ह्या पडण्याचा धागा आपल्यापर्यंत येतो. वारस गेला, म्हणून पुढे गादी लिओनोरच्या भावाकडे, मानुएलकडे गेली, आणि त्याच मानुएलने १४९७ मध्ये वास्को द गामाला पाठवलं, जो दुसऱ्या वर्षी कालिकतला उतरला.

मग चर्चमध्ये जा. बाहेरून साधं पांढरं, आत गेल्यावर भिंती वरपर्यंत निळ्या-पांढऱ्या टाइल्सनी भरलेल्या, सतराव्या शतकातल्या, वर रंगवलेलं लाकडी छत. १४४१ मध्ये राजा पाचवा अफोन्सो आणि त्याची चुलत बहीण इझाबेल ह्यांचं लग्न इथे लागलं, दोघंही नऊ नऊ वर्षांची. बालविवाह फक्त आपल्याकडेच होते असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी सांगितलं.

वेदीच्या उजवीकडे संत कॅथरीनची चित्रं असलेली वेदिका आहे, तिच्याकडे शांतपणे बघा. ती जुझेफा दि ऑबिदुशने १६६१ मध्ये रंगवली. तारीख परत वाचा, ज्या वर्षी कातारिनाच्या लग्नाचा आणि मुंबईचा करार झाला त्याच वर्षी इथे कॅथरीन नावाच्या संतिणीची चित्रं रंगवली गेली. योगायोग आहे की काही संबंध, ते मी काही ठरवत नाही, पण मला तिथे बाकावर बसून उगीचच छान वाटलं. जुझेफा जन्मली स्पेनमधल्या सेव्हिलला, आई तिकडची, बाप ह्या गावचा चित्रकार. लहानपणी इकडे आली, लग्न केलं नाही, आईबापांकडून कायदेशीर मोकळीक घेऊन स्वतःच्या नावाने चित्रं काढली, सही केली, पैसे घेतले. फळं, फुलं, मिठाया अशा काढायची की ताटातून उचलून घ्यावंसं वाटतं. १६८४ मध्ये इथेच वारली. गावच्या म्युझियममध्ये तिने केलेलं एका पाद्र्याचं व्यक्तिचित्र आहे, पंधरा मिनिटांचं म्युझियम आहे, तेवढ्यासाठी जा. सोमवारी बंद असायची शक्यता धरून चाला.

मागच्या गल्ल्या

इथे नकाशा खिशात घाला. गाव इतकं लहान की हरवलात तरी तटाला जाऊन थडकता. मी एवढंच सांगते की चौकातून सां पेद्रू चर्चकडे जा, जुझेफाला तिथे पुरलंय, आणि आतली सोन्याच्या मुलाम्याची वेदी भूकंपातून वाचली. मग गाव ओलांडून पूर्वेच्या उताराने सेन्योरा दा ग्रासा दरवाज्यापर्यंत उतरा, त्या दरवाज्याच्या पोटातही एक देवघर आहे. तिकडे कोणी नसतं. मांजरं, बोगनवेल, रेडिओचा आवाज, आणि कुठेतरी लसूण परतल्याचा वास.

वयस्कर माणसं बरोबर असतील तर ह्या उतारावर नेऊ नका, परत चढावं लागतं. त्यांना चौकात बसवा, कॉफी द्या.

मुख्य गल्ली, खाणं आणि तो कप

आता, सगळ्यात शेवटी, रुआ दिरैता. नावाचा अर्थ सरळ रस्ता, पोर्तुगीज गावागावांत असतो, जुन्या गोव्यातही मुख्य बाजारपेठेच्या रस्त्याचं हेच नाव होतं. दुपारी गेलात तर धक्के खाल, संध्याकाळी सहानंतर जा, दुकानं आवरत असतात आणि भाव करायला नसला तरी गप्पा मारायला वेळ असतो.

जिंजा म्हणजे आंबट चेरी दारूत मुरवून केलेलं गोड मद्य. छोट्या चॉकलेटच्या कपात देतात, एक-दीड युरोला, आधी प्यायचं मग कप खायचा. बाटलीतल्या चेरीसकट हवं की नुसतं ते विचारतात. हा चॉकलेटचा प्रकार तसा अलीकडचा, परंपरा वगैरे नाही, पण चांगला लागतो, खोटं कशाला बोलू. चढतं मात्र, त्यामुळे तट आधी आणि जिंजा नंतर, हा क्रम उलटा करायचा नाही.

जेवणाचं, विशेषतः शाकाहारी मंडळींसाठी : काल्दु व्हेर्द नावाचं हिरव्या पालेभाजीचं बटाटा घातलेलं सूप सगळीकडे मिळतं, पण त्यात वरून सॉसेजचा एक तुकडा टाकतात. 'सें शोरिसू' म्हणायचं, शोरिसूशिवाय. गोव्याचा चोरीस हाच. आणि तरी रश्श्यात मांसाचा अर्क नाही ना हे विचारा. पाव अप्रतिम, चीज आणि ऑलिव्ह बरोबर. बसल्या बसल्या टेबलावर पाव, लोणी, ऑलिव्ह आपणहून आणून ठेवतात, ते फुकट नसतं, खाल्लंत तर बिलात लागतं, नको असेल तर लगेच परत द्या, कोणी वाईट वाटून घेत नाही. मी पहिल्या रात्री 'किती अगत्य' म्हणत सगळं फस्त केलं होतं.

वेळ उरला तर

तटाबाहेर, दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर सेन्योर जेझुश दा पेद्राचं मंदिर आहे, एकदम मोठं, षटकोनी. १७४० मध्ये काम सुरू होऊन १७४७ मध्ये उघडलं. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि पुढच्याच वर्षी इकडे हे एवढं मोठं बांधकाम काढलं, म्हणजे वसई गेल्याने ह्यांचं फार अडलं नसावं. (हे माझं आपलं मत.)

मुक्काम केलात तर दुसऱ्या दिवशी सकाळी सहा किलोमीटरवरच्या काल्दासला जा. नावच 'राणीचे गरम झरे'. तीच जाळंवाली लिओनोर, ऑबिदुशच्या वाटेवर तिने खेडूतांना वास मारणाऱ्या गरम पाण्यात अंघोळ करताना बघितलं आणि १४८५ मध्ये तिथे इस्पितळ काढलं. तिथल्या चौकात रोज सकाळी फळभाजीचा बाजार उघड्यावर भरतो, दुपारी उठतो, म्हणून लवकर जा. कोबीच्या पानाच्या आकाराच्या हिरव्या चिनी मातीच्या बशा ह्याच गावच्या, घ्यायच्या असतील तर हाताच्या सामानात कपड्यांत गुंडाळून आणा, मी चेक-इन बॅगेत टाकल्या होत्या, सहातल्या चार पोचल्या.

आणि रात्री राहिलात तर जेवण झाल्यावर परत एकदा गावदरवाज्यापर्यंत चालत जा. वाद्यवाला गेलेला असतो, टाइल्सवर एकच दिवा. त्या वळणात उभं राहून मी हळूच 'ओ' केलं, लहानपणी वसईच्या दरवाज्यात करायचो तसं, आणि दोन कमानींमधून तसाच 'ओ' परत आला.